बाळंतिणींची पेटी उघडत नाही

शनिवार, ३० सप्टेंबर १९९५

ही डायरी श्यामकांतला कंपनीतून मिळाली. जानेवारीपासून कपाटात कोरी पडली होती. आणखी तीन महिन्यांनी रद्दीतच जायची, म्हणून मी घेतली. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर मोठं येतं, त्यामुळे पान लवकर भरतं. चुका काढायला कोणी येऊ नये.

घरात आम्ही तिघं. मी, मुलगा श्यामकांत, सून नीलिमा. श्यामकांत आनंदनगरच्या एका कारखान्यात ऑफिसर आहे, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामाखाली सही करतो. नीलिमा टायपिस्ट होती. तिचं ऑफिस बंद पडलं. रडत बसली नाही, एवढं तिच्या बाजूने लिहिते. जुलैपासून तिने घरीच उद्योग काढला आहे, बाळंतिणींना बाई पुरवायचा. इकडे बदलापूर-अंबरनाथला बिल्डिंगी झाल्या, त्यांत नवरा-बायको दोघंच राहतात. मूल झालं की आई लांब, सासू त्याहून लांब. अंग कोण रगडणार, शेक कोण देणार? मग नीलिमाला फोन करतात. ती खरवईच्या काशीला पाठवते, नाहीतर जनूला, नाहीतर आणखी सात जणी आहेत त्यांतल्या कुणाला.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, बायकांना शिकवीन, पण परक्याच्या दारात जाऊन मी कोणाचं अंग रगडणार नाही. आजवर जी बाळंतपणं केली ती शेजार म्हणून केली. नीलिमाने मान हलवली. ती मान हलवते तेव्हा आत काय चाललंय ते कळत नाही.

कारखान्याने नवे कॉम्प्युटर घेतले, जुना एक श्यामकांतने घरी आणला. त्यात कार्डांचा एक प्रकार आहे. तो मशीनबरोबरच येतो, वेगळा आणावा लागत नाही. उघडला की पडद्यावर एकामागे एक पोस्टकार्डं लावल्यासारखी दिसतात. एका बाळंतिणीला एक कार्ड. नाव, पत्ता, फोन, तारीख, कोणती बाई जाणार, आणि खाली शेरा. अशा चव्वेचाळीस जणी आत आहेत, म्हणून मी त्याला बाळंतिणींची पेटी म्हणते. आधी वही होती. नीलिमा म्हणाली आता वही नको, म्हणून घटाआधी घर आवरताना मी ती रद्दीवाल्याला दिली.

दुपारी ती मला इंग्रजी अक्षरं शिकवते. भाषा मराठीच, फक्त अक्षरं साहेबाची. कार्डांच्या चित्राखाली काहीतरी वेगळं नाव होतं, ते तिने माझ्यासमोर बदलून BALANTIN केलं. चित्रावर एकदा दाबायचं, मग दोन बटणं एकदम, की चौकट येते. त्यात लिहायचं. एवढं काही अवघड नाही. उगाच लोक पगार घेतात.

मंगळवार, ३ ऑक्टोबर. दसरा

कॉम्प्युटरची पूजा मी केली. डब्याला हळदकुंकू, पडद्याला झेंडू, आणि उंदराला जास्त कुंकू, कारण गणपतीचं वाहन. त्याला सगळे माऊस म्हणतात, पण शेपटी लपत नाही.

नीलिमा आणि श्यामकांत सोनं द्यायला बाहेर गेले. बसल्या बसल्या मनात आलं, वहीची पूजा करताना पहिल्या पानावर श्री काढतो. मग एवढं मोठं काम चाललंय आणि श्री नाही? नीलिमाने दाखवलं तशी चौकट उघडली. वरच्या ओळीत BALANTIN होतं, त्याच्या आधी SHRI लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती. वर श्री आणि खाली बोडकं बरं दिसेना, म्हणून तिथेही लिहिलं. अर्धा तास गेला. H सापडत नव्हता. शेवटी मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी Yes दाबलं. सणासुदीला नाही कोण म्हणतं.

नीलिमा आली, तिने चित्राखाली SHRI BALANTIN वाचलं आणि हसली. "आई, छान केलंत." मीही म्हटलं, केलंच आहे.

बुधवार, ४ ऑक्टोबर

आज सकाळपासून बाळंतिणींची पेटी उघडत नाही.

नीलिमा चित्रावर दोनदा दाबते, आणि चौकट येते. तिने वाचून दाखवलं. फाईल सापडत नाही म्हणे. मी म्हटलं, सापडत नाही म्हणजे नीट शोधली नसेल. श्यामकांतने पुढचं वाचलं, लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी आहेत का ते बघा. म्हटलं, बदलापुरात एक आहे, पण सोमवारी बंद असते. त्याला हसू आलं नाही.

श्यामकांतने मशीन बंद केलं, चालू केलं. परत बंद केलं, परत चालू केलं. पंखाही एवढा सोसत नाही. मग बाकीची चित्रं दाबून बघितली. घड्याळ उघडतं. आकडेमोडीचं यंत्र उघडतं. चित्रं काढायचं उघडतं. पत्ते तर पहिल्या झटक्यात उघडले, आणि मग "बाकी सिस्टीम ठीक आहे का बघतो" म्हणत श्यामकांत अर्धा तास पत्तेच खेळत होता.

नंतर मायलेकांचं भांडण. म्हणे, "आई, तू हळदकुंकू घातलंस ना, ते आत गेलं असणार."

म्हटलं, "डब्यावर लावलं, डब्यात नाही. आणि हळद आत गेली असती तर तुझे पत्ते कसे उघडले? त्यांना हळद चालते?"

"गेल्या महिन्यात गणपती दूध पितो म्हणून धावलीस तीच तू."

"धावले, रांग बघितली, परत आले. ते दूध तुझ्याच चहात पडलं."

नीलिमाने ओल्या बोळ्याने सगळं कुंकू पुसून काढलं. तरी उघडलं नाही.

दुपारी फोन आला. अंबरनाथच्या मालिनीचा नवरा, नाण्याच्या फोनवरून. त्याचं नाव बाळ. मुलगी झाली, सोमवारी घरी आणणार, सोमवारपासून बाई पाठवा, पत्ता तुमच्याकडे आहेच. कुठल्या दवाखान्यात ते नीलिमा विचारते तोवर नाणं संपलं. ही मालिनी आईवेगळी आहे. सासूही नाही. नवरा कारखान्यात, तोही बाळ. तिचा पत्ता कार्डावर, आणि कार्ड पेटीत.

"तिच्याकडे कोण जाणार ठरलंय?" मी विचारलं.

"कार्ड उघडलं की बघू," नीलिमा म्हणाली आणि कुकरकडे गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

मी म्हटलं, तुमची पेटी राहू दे, मला सगळं तोंडपाठ आहे. नीलिमा कागद घेऊन बसली. मी सांगत गेले. अठ्ठावीस जणी सांगितल्या. कुणाला पोटात कळा जास्त, कुणाचा नवरा शेगडीच्या धुराने शिंकतो, कुणाकडे डिंकाचे लाडू कडक झाले, सगळं सांगितलं. नीलिमा म्हणाली, "आई, पत्ते?"

पत्ते नाही आठवले. आम्ही घरं माणसांवरून ओळखतो. त्यांच्या बिल्डिंगी सगळ्या सारख्या आणि नावं फुलांची.

एक मात्र छातीठोक सांगितलं, की जनूने आज अंबरनाथला देवळामागच्या पाटलांकडे जायचं. जनू गेली. दुपारी परत आली ती तोंडाला पदर लावून हसत. तिथे पाटील होते, पण बाळंतीण नव्हती. साठीची सासू होती, गुडघे धरलेली. तिला वाटलं मुलाने बाई ठेवली. जनू आत जाऊन तेल कोमट करेपर्यंत म्हातारी पाट मांडून बसलेली. मग जनूने तिलाच रगडून दिलं.

"सोडतच नव्हती हो," जनू म्हणाली. "उद्या येशील ना म्हणून विचारते."

नीलिमा हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. खऱ्या पाटलांच्या घरून संध्याकाळी फोन आला. बाई आलीच नाही म्हणून पुष्कळ बोलले. तो फोन मी घेतला नाही. घ्यायला हवा होता.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

श्यामकांतच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत हरिचंद्र म्हणून आहे. त्याने तिथूनच निदान केलं. व्हायरस. रविवारी अकरा वाजता येऊन फॉर्मॅट करून देतो.

मी विचारलं, "फॉर्मॅट म्हणजे?"

श्यामकांत म्हणाला, "सगळं पुसून कोरं करायचं."

"बाळंतिणींसकट?"

"बाळंतिणींसकट. पण मशीन सुरू होईल."

म्हटलं, "मशीन सुरूच आहे. पत्ते खेळतोस ना रोज."

तो नीलिमाला म्हणाला, "पुन्हा सगळ्यांना फोन कर, पुन्हा भर. नाहीतर सोड हे. आमच्याकडे पॅकिंगला सुपरवायझर पाहिजेच आहे, मी शब्द टाकतो." वाईट मनाने नाही म्हणाला. पण नीलिमाने मान हलवली, आणि या वेळी आत काय होतं ते मला कळलं. पुन्हा फोन कुणाला करणार? नंबरही आतच. चव्वेचाळीस घरांना दिलेला शब्द बुडला की पुढच्या वर्षी कोण विचारतं. पाटलांनी निम्म्या अंबरनाथला सांगितलं असेल एव्हाना.

काशी आली होती, सोमवारचं विचारायला. पेटीसमोर उकिडवी बसली. "ही उघरत नाय त कोयत्यान फोरा गो आजी," म्हणाली. खरवईच्या लोकांचं सगळं सरळ असतं. मी तिला विचारलं, मालिनीकडे तू जायचं ठरलंय का. म्हणाली, "माना कोन नाय सांगलं." जनूलाही माहीत नाही. मग ठरलंय तरी कोण? नीलिमाला परत विचारलं तर म्हणे, "आई, आधी पत्ता तर मिळू दे." टायपिस्ट बाई, सगळ्यांच्या आजेसासवांची नावं लक्षात आहेत, हेच बरं विसरली.

वर चोवीस तारखेला खग्रास ग्रहण आहे. पोटुशा बायकांचे फोन येतात, काय करू, काय करू. म्हटलं, झोपा.

शनिवार, ७ ऑक्टोबर

आज मी उल्हासनगरला गेले. कुणाला सांगितलं नाही. विठ्ठलवाडीच्या डेपोपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. मागे एकदा पडद्याचं कापड आणायला गेले होते, तेव्हा कापडवाल्याच्या माडीवर कॉम्प्युटर उघडे करून ठेवलेले पाहिले होते, आतडी बाहेर. तो माडीवाला आठवला. भगवानदास नाव. सिंधी माणूस, चष्मा कपाळावर, आणि चष्मा शोधत होता.

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हे विशेष. श्यामकांतने मला इतकं सलग बोलू दिलं नसतं.

"घड्याळ खुलता है? पत्ते खुलते हैं?"

"खुलतात."

"सिर्फ कार्ड नहीं?"

"फक्त कार्ड."

"तो व्हायरस काहे का, अम्मा? व्हायरस आएगा तो सिर्फ बाळंतिणींना त्रास देगा क्या?" उल्हासनगरात असंच बोलतात, एका वाक्यात दोन गावं. "मशीन ले आओ, देखता हूँ."

म्हटलं, "अडलेली बाई उचलून आणतात का? सुईण घरी जाते."

तो हसला. म्हणाला उद्या सकाळी येतो, बदलापूरला साडू राहतो, तसंही यायचंय. मी बजावलं, अकराच्या आत ये. अकराला पुसायला माणूस येतोय.

रविवार, ८ ऑक्टोबर. कोजागिरी

आज पान मोठं होणार.

साडेदहापर्यंत भगवानदास आला नाही. मी गॅलरीत उभी. नीलिमाला वाटलं दूधवाल्याची वाट बघते, रात्रीच्या मसाला दुधासाठी. पावणेअकराला आला. मागोमाग हरिचंद्र, काखेत फ्लॉपीच्या चकत्यांचा डबा. दोघं जिन्यातच भेटले. हरिचंद्र म्हणाला, "हे कोण?" मी म्हटलं, "सुईण. तुम्ही जरा बाहेर बसा." श्यामकांतने डोक्याला हात लावला.

भगवानदास खुर्चीत बसला. कॉम्प्युटरचा डबा उघडला नाही, काही नाही. चित्रावर एकदा दाबलं, दोन बटणं एकदम दाबली. चौकट आली. तीच, माझ्या ओळखीची.

त्याने चष्मा खाली घेतला आणि खालची ओळ वाचली. मग विचारलं, "ये श्री कौन है?"

"देव," मी म्हटलं.

"अम्मा, ऊपर की लाइन नाम की है. वहाँ कुछ भी लिखो. नीचे की लाइन पते की है. मशीन इसी पते पे जाता है. अब पते में पहले श्री लिखा है, तो मशीन अंदर जाके पूछता है, श्री नाम का कौन रहता है? ऐसा कोई रहता नहीं. तो बाहर आके बोलता है, नहीं मिला."

म्हटलं, "पत्त्यावर श्री घातल्याशिवाय पत्र कोणाला पाठवतात? सरकारसुद्धा घालतं."

"सरकार को समझता है, अम्मा. इसको नहीं."

श्री लिहिल्याने काम अडतं हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.

श्यामकांत माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात नीलिमा म्हणाली, "माझ्याकडूनच झालं असेल. घाईत असते मी." तिला माहीत होतं, कोणी केलं ते. चित्राखालचं श्री तिने वाचलं होतं, छान म्हणाली होती. मी गप्प बसले असते तर तिथेच मिटलं असतं. पण चार दिवस तिने बोलणी खाल्ली, पाटलांची, नवऱ्याची. म्हटलं, "तिने नाही, मी केलं. दोन्ही ओळींत मीच लिहिलं. हळदकुंकवाचा काही संबंध नाही, ते मात्र लक्षात ठेव."

भगवानदासने खालचं श्री पुसलं. वरचं ठेवलं. दोनदा दाबलं. कार्डं आली, एकामागे एक, जशीच्या तशी.

नीलिमाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. हरिचंद्र दारातून म्हणाला, "मग मी जाऊ?" त्यालाही चहा दिला. भगवानदासने चार कडबोळी खाल्ली आणि दोन साडूसाठी घेतली. नीलिमाला म्हणाला, महिन्याला सगळं चकतीवर उतरवून ठेवत जा. ते मी त्याच्याआधीच सांगायला हवं होतं, वही रद्दीत घालण्याच्या दिवशी.

सगळे गेल्यावर नीलिमा मालिनीचं कार्ड काढायला बसली. मी मागे उभी. पत्ता होता, अंबरनाथ, तिसरा मजला. त्याखाली BAI. त्यापुढे मी अक्षरं लावली. ए. ए. आय. आई.

आधी वाटलं मालिनीची आई. पण मालिनीला आई नाही.

शेऱ्यात लिहिलं होतं VICHARAYCHE AHE. हे मला लावायला बराच वेळ लागला. नीलिमाने मध्येच कार्ड बंद केलं असतं तर करता आलं असतं. केलं नाही. पाठ करून बसून राहिली.

"हे कधी लिहिलंस?"

"ऑगस्टमध्ये. ती म्हणाली होती, कोणीतरी मोठं माणूस पाठवा. आईसारखं. मला दुसरं कोणी सुचलं नाही."

"दोन महिने झाले. विचारलं का नाहीस?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, परक्याच्या दारात जाणार नाही."

"मी पुष्कळ सांगते," म्हटलं. "तेल तिच्याकडे आहे का विचारून ठेव. बाजारातलं नको. आणि उद्या मला साताला उठव."

मला साताला उठवावं लागत नाही. पाचला उठलेलीच असते. पण बोलून गेले.

सोमवार, ९ ऑक्टोबर

अंबरनाथ. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार बाळने उघडलं. हातात तान्ही, उलटी धरलेली. आधी तिला सरळ केलं.

मालिनी किडकिडीत आहे. पाठ अशी आखडलेली, की हात लावला तर दचकली. पाटावर बसवलं, तेल जिरवलं. कमरेशी आले आणि ती रडायला लागली. आवाज न करता. म्हणाली, "सॉरी हं आजी." मी म्हटलं, "रड. पण वाकून रड, मला पाठ लागते." मग ती रडता रडता हसली, आणि पाठ आपोआप सैल झाली. हे काशीला शिकवता येणार नाही.

बाळला ओवा आणायला पाठवलं, त्याने जिरं आणलं. परत पाठवलं. बडीशेप आणली. तिसऱ्या वेळी ओव्याची रिकामी पुडी हातात देऊन पाठवलं. माणूस वाईट नाही, माझ्या मुलासारखाच आहे.

तान्ही माझ्या पायांवर झोपली. दोन्ही मुठी घट्ट. नाव ठेवायचंय अजून. मी काही सुचवलं नाही.

निघताना मालिनी म्हणाली, "उद्या तुम्हीच याल ना?" म्हटलं, बघू. जिना उतरताना गुडघा वाजत होता.

रात्री नीलिमा कार्ड भरायला बसली. VICHARAYCHE AHE पुसलं. "आई, इथे आता काय लिहू?"

"लिही, गेली."

ती हसायलाच लागली. "अहो आई, तुमच्या नावापुढे नुसतं 'गेली' लिहिलं तर लोक भेटायला येतील."

"मग 'जाते' लिही."

तेही दोघींना बरं दिसेना. श्यामकांत पत्ते सोडून बघायला आला, म्हणाला 'आहे' लिहा. म्हटलं, आहे ते दिसतंच आहे.

शेवटी मी खुर्ची घेतली. नीलिमा अक्षरं सांगायला लागली, पण मला येत होती. एका बोटाने लिहिलं, KAMAVAR.

कामावर.